उजवी खुर्ची

१

मुरुडच्या पेठेत मडिवाळप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. माल बेताचा, पण बैठक ऐसपैस. गिऱ्हाईक असो की नुसता उन्हाला कंटाळून सावलीला आलेला माणूस, उंबरा ओलांडून आलेल्याला मडिवाळप्पा आधी ‘बसा’ म्हणायचे आणि मग काय पाहिजे ते विचारायचे. बसलेल्याला उठवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक. जंगम असो की जमादार, घरात टेकला तो शिवाच्याच जागी टेकला. त्याला वाटेल तेव्हा तो उठेल. या दंडकापायी सटवाजी नावाचे एक गृहस्थ कैक वर्षं सकाळी येऊन बसत आणि दिवेलागणीला उठत. दुकानातून त्यांनी आजवर चमचासुद्धा घेतला नव्हता. मडिवाळप्पांची बायको गौरम्मा त्यांना आतून चहा पाठवताना कप जरा आपटूनच पाठवायची, पण पाठवायची.

त्या साली दुकानात टेकायला माणसं पुष्कळ आणि घ्यायला कोणी नाही, अशी गत होती. लातूर जिल्हा नवाच झाला होता. पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ रंगवून झालं, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. पावसाला मात्र नव्या जिल्ह्याचा पत्ता कुणी कळवला नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडले होते. गावात टँकर आला की बायका वाटेतच भांडायला सुरुवात करायच्या. लग्नं पुढं ढकलली गेली होती, तेव्हा रुखवताची भांडी कोण घेणार? उलट लोक घरातल्या घागरी, हंडे मोडीत घालायला आणत. त्यांवर मडिवाळप्पांनीच कधीकाळी हौसेनं नावं घातलेली असायची. ती मोडायला त्यांचा जीव होत नसे, म्हणून ते सगळं मागच्या खोलीत जाऊन पडायचं.

या मागच्या खोलीत लग्नकार्याला भाड्यानं द्यायच्या पत्र्याच्या घडीच्या खुर्च्याही होत्या. कार्यच नाही म्हटल्यावर त्या भिंतीला टेकून धूळ खात उभ्या होत्या. गोष्ट त्यातल्या दोन खुर्च्यांची आहे.

२

मडिवाळप्पांचा एकुलता एक मुलगा शरणप्पा हवाई दलात निवडला गेला होता आणि उदगीरच्या पुढं, राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या एका तळावर विमान चालवायला शिकत होता. पेठेत त्याला सगळे ‘विमानवाला’ म्हणायचे. आकाशात काहीही घरघरलं, अगदी निवडणुकीचं हेलिकॉप्टर असलं तरी, मडिवाळप्पा दुकानाबाहेर येऊन हात उंचावायचे आणि सटवाजी बसल्या जागेवरून म्हणायचे, “आपलाच हाय बगा.”

शरणप्पा सुट्टीवर आला तेव्हा खांदे रुंद झाले होते, केस बारीक झाले होते आणि भूक दुप्पट झाली होती. गौरम्मा हरखून गेली. पण आई ती आईच. दुसऱ्याच दिवशी भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, “बाळा, तुझं तोंड कामून उतरलंय?”

तेव्हा पोरानं सांगून टाकलं. वर जाण्यात तो पटाईत होता. वळणं, गिरक्या, सगळं जमायचं. उतरणं जमत नव्हतं. जमीन यायच्या आधीच तो घाबरून विमानाचं नाक उचलायचा. मग विमान अधांतरी दम सोडायचं आणि दाणकन आपटायचं. शेजारी शिकवणारे साहेब असत म्हणून निभावत होतं.

“सुट्टी संपली की शेवटची परीक्षा हाय,” तो म्हणाला. “पास झालो तर लगेच एकट्याला सोडणार. न्हाईतर घरी.”

“एकट्याला? आन् ते साहेब?”

“ते खाली उतरतेत, अव्वा. उजवी जागा रिकामी राहते. तिचे पट्टे बांधून ठेवतेत, मधी लोंबू नयेत म्हणून.”

गौरम्माला ती रिकामी जागा काही आवडली नाही. मडिवाळप्पांनाही आवडली नाही. पण त्यांना त्याहून नावडलं ते पोराचं तोंड. लहानपणी आडावर पाणी शेंदायला पाठवलं तर हा चार हात लांबून पोहरा टाकायचा. त्याच पोरानं आभाळात जायचं मनावर घेतलं, आणि आता शेवटच्या चार हातांसाठी ते हातचं जाणार होतं. काही करून हे पास व्हावं, असं त्यांनी त्या रात्री लिंगपूजेला बसताना मागितलं. आजवर त्यांनी देवाला स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं.

३

साहेबांनी शरणप्पाला घरी करायला एक अभ्यास दिला होता. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि सगळं उड्डाण मनातल्या मनात, हातापायांनी करायचं. तळावर सगळेच शिकाऊ असं करतात म्हणे. त्यानं मागच्या खोलीत दुपारच्या शांत वेळेला पत्र्याच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. डाव्या खुर्चीत तो. उजव्या हातात लाटणं, म्हणजे विमानाचा दांडा; डाव्या हातात पळी, म्हणजे इंजिनाचा जोर. आणि उजवीकडची खुर्ची साहेबांची, रिकामी.

“ती कशाला मांडलीस?” मडिवाळप्पांनी विचारलं.

“सवय हाय, आप्पा. त्या बाजूला काही नसलं की तोल गेल्यागत वाटतंय.”

मडिवाळप्पा दारात उभे राहून कौतुकानं बघत होते. पोरगं मिटल्या डोळ्यांनी काही काही पुटपुटत होतं, लाटणं हळूच मागं घेत होतं, पाय सरकवत होतं. तेवढ्यात गौरम्मा चहा घेऊन आली. तिनं आधी पोराकडं पाहिलं, मग त्या रिकाम्या खुर्चीकडं, आणि तिला गंमत सुचली. तिनं पदर सावरला आणि पाहुण्याला घालतात तसा खुर्चीला हात जोडून शरणार्थीचा नमस्कार घातला.

“शरणार्थी, साहेब. उभं कामून? बसा की. आपलंच घर हाय. पोराला नीट शिकवा, तवर उठू नगा.”

मडिवाळप्पा हसले. शरणप्पाही डोळे मिटूनच हसला. गौरम्मानं एक कप पोराच्या पायाशी ठेवला आणि दुसरा त्या खुर्चीच्या पायाशी, कारण बसा म्हटल्यावर चहा आलाच.

त्या खुर्च्यांची एक खोड होती. बसकणीचा पत्रा पातळ. माणूस बसला की तो आत दबायचा आणि ‘टक्’ असा वाजायचा. उठलं की पुन्हा वर यायचा, पुन्हा टक्. मांडवात पंगत उठली की शंभर बेडूक ओरडल्यासारखा आवाज व्हायचा. गौरम्मा वळून चालायला लागली तेव्हा टक् वाजलं. मडिवाळप्पांना वाटलं, शरणप्पा हलला असेल.

४

दुसऱ्या दिवशी ते गल्ल्यावर बसून ऐकत होते. मुद्दाम नव्हे, दुपारच्या वेळी पेठेत कावळासुद्धा ओरडत नसे, त्यामुळे कानाला दुसरं काही कामच नव्हतं. मागच्या खोलीत शरणप्पा खुर्चीत बसला. टक्. आणि क्षणभरानं आणखी एक टक्.

अभ्यास संपवून तो उठला तेव्हा मात्र एकदाच वाजलं.

मडिवाळप्पा व्यवहारी माणूस. पत्र्याचा धंदा त्यांनी जन्मभर केला होता. ऊन लागलं की पत्रा ताणतो, गार झाला की आकसतो, आणि मनाला येईल तेव्हा वाजतो. त्या वर्षीचं ऊन तर असं, की सटवाजींच्या मते गावातले दगडसुद्धा कुरकुरत होते. त्यांनी मनाची समजूत घातली. पोरगा पाणी आणायला टँकरकडं गेल्यावर ते मागच्या खोलीत गेले आणि भिंतीकडच्या दोन-चार खुर्च्या उघडून त्यांवर बसून पाहिलं. बसलं की टक्, उठलं की टक्. एकही खुर्ची चुकली नाही.

मग ते त्या उजव्या खुर्चीजवळ गेले. तिची बसकण दबलेली होती. मोकळी खुर्ची, आणि पत्रा आत गेलेला, मांडवात बसलेल्या जाड्या व्याह्याखाली जातो तसा. त्यांनी खालून बोटानं दाबून पत्रा वर सारायचा प्रयत्न केला. पत्रा हलेना. म्हटलं, बाक आला असेल. भाड्यानं दिलेल्या वस्तूला लोक कुठं जपतात? असं म्हणून ते बाहेर आले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण त्या खुर्चीकडं पाठ न करता आलो.

गौरम्मा रोज दोन कप ठेवत होती. दुसरा कप संध्याकाळी भरलेलाच परत यायचा, आणि दुधाचा-पाण्याचा तुटवडा असल्यामुळे मडिवाळप्पा तोच गरम करून प्यायचे. चव चहाचीच होती.

५

एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. पोरगं सुधारत होतं.

बापलेकांनी एक खेळ काढला होता. शरणप्पानं डोळे मिटून बसायचं. मडिवाळप्पा पितळेची परात दोन्ही हातांनी उंच धरायचे आणि हळूहळू खाली न्यायचे. परात म्हणजे विमान, शहाबादी फरशी म्हणजे जमीन. हाताची सळसळ आणि स्वतःचा अंदाज यांवरून पोरानं ‘आली’ म्हणायचं. सुट्टीच्या सुरुवातीला तो परात गुडघ्याएवढी वर असतानाच ‘आली’ म्हणून अंग चोरायचा, आणि गौरम्मा दारातून म्हणायची, “ह्यो पोरगा पाळण्यातून उतरताना बी असाच रडायचा.”

आता तसं होईना. परात फरशीला लागायला यायची, मधे नख बसेल एवढंच अंतर उरायचं, आणि नेमक्या त्या क्षणी तो म्हणायचा, “आली.” आवाज शांत. खांदे सैल. मडिवाळप्पांनी परात मुद्दाम वेगानं नेली, मध्येच थांबवली, सांदीत नेली. पोरगं चुकलं नाही.

मडिवाळप्पांना आनंद मावेना. बाहेर येऊन त्यांनी सटवाजींना स्वतःच्या हातानं चहा दिला. “जमलं पोराला,” ते म्हणाले.

फक्त एक होतं. ‘आली’ म्हणायच्या आधी शरणप्पा मान किंचित उजवीकडं झुकवायचा. वर्गात मास्तर कानात हळूच उत्तर सांगत असल्यावर पोरगा झुकवेल तशी. आणि त्या दोन खुर्च्यांमध्ये आधी हातभर अंतर होतं, ते आता राहिलं नव्हतं.

“खुर्ची तू सरकवलीस का?” मडिवाळप्पांनी विचारलं.

“विमानात इतक्याच जवळ असतेत, आप्पा,” शरणप्पा म्हणाला. सरकवली की नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

६

भांड्यांच्या खोलीत माणूस बोलला की भांडी बोलतात, हे मडिवाळप्पांना ठाऊक होतं. बारीक आवाजाला तांबे झणझणतात, बायकांच्या आवाजाला घागरी. आणि कोपऱ्यात एक भला मोठा तांब्याचा हंडा होता, मुखेडकडच्या कुणीतरी मोडीत घातलेला. तो फक्त घोगऱ्या, खालच्या आवाजाला घुमायचा. मडिवाळप्पा खोकले तरी तो ‘हूं’ म्हणायचा. शरणप्पाच्या पातळ आवाजाला तो कधीच उत्तर देत नसे. लहानपणी पोरानं त्याच्यात तोंड घालून खूप आरडाओरडा केला होता, तरी हंडा ढिम्म.

पोरगं जायच्या आदल्या दुपारी मडिवाळप्पा गल्ल्यावरून उठून मागच्या दाराशी गेले, ते त्या हंड्याच्या आवाजानं. शरणप्पा आत बोलत होता, त्याला तांबे झणझणत होते. तो थांबला की हंडा घुमत होता. मग पुन्हा तांबे. मग पुन्हा हंडा. आणि शरणप्पा म्हणत होता, “हाव सर. उशीर करतो. हाव.”

मडिवाळप्पांनी पटकन आठवून पाहिलं, दळणाची गिरणी चालू आहे का, रस्त्यावरून टँकर चाललाय का. गिरणीला वीज नव्हती. टँकर त्या दिवशी आलाच नव्हता. बाहेर सटवाजी तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि ते घोरत नव्हते.

दार थोडं उघडं होतं. पोराची पाठ दिसत होती. तो उतरत होता. उंची मोजत होता, त्याला शिकवलेल्या पद्धतीनं, एकसुरी.

“पन्नास फूट. तीस. वीस. दहा. पाच. जमीन.”

मडिवाळप्पांनी श्वास सोडला. झालं, उतरला. पण पोराचा हात लाटण्यावरून उठला नाही. लाटणं मागं आलंच नाही. हंडा जरासा घुमला, अगदी मायेनं, थोपटल्यासारखा.

“हाव सर,” शरणप्पा म्हणाला, आणि तोच एकसुरी आवाज पुढं चालू राहिला. “पाच. दहा. वीस. तीस.”

खोलीतला उजेड तोच होता. फरशी तीच होती, तिच्यावर पोराचे अनवाणी पाय टेकलेले होते. तरी मडिवाळप्पांना दाराची चौकट घट्ट धरावी लागली, कारण त्यांना वाटलं की आपण आडाच्या काठावर उभे आहोत आणि आत वाकून बघतोय.

“शरणू,” त्यांनी हाक मारली. हंडा घुमला, तो त्यांच्याच आवाजाला. “उतरला नव्हतास का तू?”

पोरानं डोळे उघडले नाहीत. त्याचा चेहरा इतका शांत होता, की झोपेतसुद्धा त्यांनी तो तसा पाहिला नव्हता.

“उतरलो कुठं, आप्पा? अजून खाली जागा हाय.”

“कुठं हाय? फरशी हाय खाली.”

“समद्यांना तसंच वाटतंय. सर म्हणतेत, लोक लवकर थांबतेत.”

“परातीच्या खेळात तर बराबर सांगतूस.”

“तुमी बघत असलाव की सांगतो,” तो समजुतीनं म्हणाला. “परीक्षेत बी सांगीन. एकटा गेल्यावर मग जाईन.”

७

मडिवाळप्पा ओसरीवर येऊन बसले. गौरम्मा प्रवासाला लाडू बांधत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं टिंगल केली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. ती म्हणाली, “मी रोज ठिवते त्यो कप, सांजच्याला उचलताना त्येचा कान माझ्याकडं फिरलेला असतोय. मी त्येचा कान भिंतीकडं करून ठिवते.” आणि लाडवाचा हात तसाच ठेवून रडायला लागली. “मीच म्हनलं, उठू नगा म्हून.”

“आपण पोराला जाऊ देऊ नये.”

“ऐकंल का त्यो? आन् न्हाई गेला तर ह्याच खोलीत बसंल.”

ते खरंच होतं. मडिवाळप्पांनी आजवर कुणाला उठा म्हटलं नव्हतं. दारूच्या नशेत आलेल्या दूरच्या भावाला नाही, खोटी मापं शोधायला आलेल्या अधिकाऱ्याला नाही. वडील गेल्यावर रीतीप्रमाणं त्यांना समाधीत मांडी घालून बसवलं, तेव्हाही मडिवाळप्पांच्या मनात आलं होतं, की हेही कायमचे बसले. आता यांना कोण उठवणार. आणि तरी ते उठले, धोतर सारखं केलं आणि मागच्या खोलीत गेले. शरणप्पा सामान आवरायला गेला होता. उजव्या खुर्चीचा पत्रा दबलेलाच होता.

त्यांनी हात जोडले. आवाज त्यांनी मऊ ठेवला.

“साहेब, पोराला लई शिकवलात. आमच्या गरिबाच्या घरी लई दिवस बसलात. मला असं म्हणाया लागतंय, माफ करा. आता उठा.”

काही झालं नाही. मग त्यांना वाटलं, माणसाला उठा म्हणायचं तर जाणार कुठं, हेही बघावं लागतं, आणि तो विचार मनात पुरता यायच्या आधी पत्रा वर आला. टक्. खोलीतली सगळी भांडी एकदम चूप झाली. ती मघापासून बारीक वाजत होती हे तेव्हा कळलं. मडिवाळप्पा दारातून बाजूला झाले, पाहुण्याला वाट द्यायला होतात तसे. त्यांच्या अंगाला काही लागलं नाही. पण ओसरीवर गौरम्मानं का कोण जाणे, डोक्यावरून पदर घेतला आणि पाय आवळून घेतले.

त्यांनी ती खुर्ची मिटवली आणि भिंतीला लावली. रात्री पोराच्या उशाशी बसून दोघांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. पोरगं लाडू खाऊन गाढ झोपलं होतं. मडिवाळप्पांना वाटलं, निस्तरलं. थोडं अपराधी वाटलं, आणि त्या अपराधीपणाचंही त्यांना बरं वाटलं.

८

सकाळची उदगीर गाडी उस्मानाबादहून भरूनच यायची, तर मुरुडला काय मोकळी असणार? दुष्काळानं अर्धा तालुका कामाच्या शोधात निघाला होता. टपावर गाठोडी, पायऱ्यांवर माणसं, आत मुंगीला जागा नाही. शरणप्पा ट्रंक घेऊन कसाबसा आत शिरला. गौरम्मानं खिडकीतून लाडवाचा डबा दिला. तो खिडकीशी बसला होता.

बसला होता. ते मडिवाळप्पांच्या ध्यानात आलं तेव्हा गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती, एक बाई पोर कडेवर घेऊन दांड्याला लोंबकळत होती, आणि शरणप्पाच्या शेजारची जागा रिकामी होती. कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्या जागेपाशी अंग चोरून पुढं सरकला. आणि शरणप्पा, आईबापाला हात करता करता, सवयीनं खिडकीकडं जरासा सरकून बसला. उजवीकडच्याला ऐसपैस व्हावं म्हणून.

मडिवाळप्पांना सगळं कळलं. घरातून उठवलेला माणूस जाणार कुठं? ज्याच्यासाठी बसला होता, त्याच्याकडंच.

त्यांच्या अंगात बंडी होती, पायात घरातल्या चपला, आणि दुकान उघडं पडलं होतं. गौरम्मा “अवो, कुठं?” म्हणेपर्यंत ते चालत्या गाडीची कांब धरून पायरीवर चढले होते. लोकांच्या शिव्या खात, कोपरं खात ते आत घुसले. त्या जागेपाशी पोचल्यावर क्षणभर मात्र त्यांचं धाडस गेलं. बाकावरची गादी खाली दबलेली होती.

त्यांनी डोळे मिटले, शिवाचं नाव घेतलं आणि पोराच्या आणि त्या दबलेल्या गादीच्या मधोमध अंग घातलं.

जागा पुरेना. डावीकडं पोराचा खांदा लागत होता, गरम, ओळखीचा. उजवीकडूनही काही लागत होतं. ते गारही नव्हतं, गरमही नव्हतं. नुसतं होतं, आणि त्यांना जागा करून देत नव्हतं.

“आप्पा, तुमी कामून आलाव?” शरणप्पा त्याच शांत चेहऱ्यानं म्हणाला. “दुकान?”

“सटवाजी हायत दुकानात. हात दे इकडं.” त्यांनी पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरला. “ही बघ जमीन. समजलं? ह्येच्या खाली काही न्हाई. ही आली की आली. कुणी काही बी म्हणू दे.”

“पण सर म्हणतेत...”

“मी बाप हाय तुझा. मी सांगतो. आली, शरणू.”

त्यांनी पोराचा हात वर उचलला आणि पुन्हा खाली आणला. आली. पुन्हा उचलला. आली. गाडी खड्ड्यांतून आदळत चालली होती, वाटेतली शिवारं भाजून काळी पडली होती, आणि ते न थांबता, न कंटाळता सांगत होते. लोक बघायला लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं कुणीतरी म्हणालं. पोटच्या पोराचं स्वप्न आपण आपल्या हातानं मोडतोय, हे मडिवाळप्पांना पक्कं ठाऊक होतं. ज्या पोराच्या पास होण्यासाठी त्यांनी देवापुढं तोंड वेंगाडलं होतं, त्यालाच ते आता जुनी भीती परत शिकवत होते, आणि ती लवकर यावी म्हणून मनातून तळमळत होते.

लातूर मागं पडलं. मुलाला कडेवर घेतलेल्या बाईच्या मागं एक म्हातारी उभी होती. बाई मडिवाळप्पांना म्हणाली, “जरा सरका की, दादा. लेकरू हाय.”

मडिवाळप्पांनी तोंड उघडलं, पण म्हातारीच आधी बोलली. तिनं बाईचा दंड धरून तिला मागं ओढलं.

“ऱ्हाऊ दे, बाई. दोघाच्या बाकावर आधीच तिघं बसलेत दाटीनं. त्यात तू कुठं घुसतीस?”

मडिवाळप्पांनी उजवीकडं पाहिलं नाही. पोराचा हात वर होता, मांडीपासून चांगला वीतभर, आणि तो त्यांनी हळूच खाली आणायला घेतला. हात अर्ध्यावर होता, तोच शरणप्पाच्या बोटांनी त्यांची बोटं करकचून धरली. त्याचे खांदे वर आले. त्यानं अंग चोरलं, अगदी लहानपणी आडाच्या काठावर चोरायचा तसं, आणि डोळे उघडून तो बापाकडं बघायला लागला. ओठ पांढरे पडले होते.

“आप्पा,” तो म्हणाला, “मला भ्याव वाटायलंय.”

“वाटू दे, बाळा,” मडिवाळप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “वाटू दे. लई चांगलं झालं.”

“मी नापास होणार.”

“हाव. आन् घरी येणार.”

पोरानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. उजवीकडून कुणीतरी जरा पुढं वाकल्यासारखं झालं, बापाच्या छातीपलीकडून पोराचं तोंड बघायला वाकावं तसं. मडिवाळप्पांनी दुसरा हात पोराच्या कानावर ठेवला आणि तोंड डावीकडं, खिडकीकडं वळवून ठेवलं. उदगीर अजून बरंच लांब होतं.